दंतपूरण : रंगाचा शोध आणि बंधाचा लाभ

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं भाजलेले चणे खात असतां माझ्या खालच्या दाढेचा एक कोपरा तुटून हातांत आला. 'दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत' ही म्हण लहानपणापासून शेंकडों वेळां ऐकली होती. तिचा उत्तरार्ध स्वतःच्या मुखांत सिद्ध होतांना पाहण्याचा योग पन्नाशी उलटल्यावर आला. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आमच्या कात्रपांतील एका दंतवैद्य बाईंकडे गेलों. वयानें त्या माझ्या विद्यार्थिनी शोभतील इतक्या तरुण. त्यांनीं आरशानें दाढ पाहिली आणि विचारलें, "सर, ही चांदी केव्हां भरली होती?"

"कॉलेजांत असतांना, मुंबईस," मीं म्हटलें. "पस्तीस वर्षें झालीं असतील. पुन्हां चांदीच भरा, टिकाऊ असते."

त्या हंसल्या. "चांदी मी आतां ठेवीतच नाहीं. दांताच्या रंगाचें भरूं. आणि सर, तुमची चांदी अजून शाबूत आहे. मोडला आहे तो दांत."

हें शेवटचें वाक्य माझ्या मनांत घर करून राहिलें. भरलेला माल शाबूत आणि त्याला धरणारी भिंत ढासळलेली, हा प्रकार काय? खुर्चीवर पडल्या पडल्या बाईंनीं त्याचें थोडक्यांत उत्तर दिलें. तें पुढें योग्य स्थळीं येईलच. परंतु घरीं आल्यावर इतिहासाच्या अध्यापकाची खोड मला स्वस्थ बसूं देईना. दांताच्या पोकळींत कांहीं भरण्याची कल्पना मनुष्यास केव्हां सुचली, धातु मागें पडून दांतासारखें दिसणारें द्रव्य केव्हां आलें, आणि या बदलांत खरा लाभ कोणता झाला, याचा शोध घेतां घेतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. सामान्य समजूत अशी कीं, चांदी काळी दिसते म्हणून पांढरें पूरण आलें. ही समजूत अर्धीच खरी आहे. लोकांनीं मागितला तो रंग. शास्त्राला त्या वाटेवर जें सांपडलें तें रंगाहून पुष्कळ अधिक मोलाचें होतें.

कात्रप हें एके काळीं उल्हास नदीच्या खोऱ्यांतील भातशेतीचें लहानसें गांव. १८५६ सालीं कल्याणाहून पळसदरीपर्यंत लोहमार्ग झाला तो याच पट्ट्यांतून. तरी गांवाचें शहर होण्यास त्यानंतर बराच काळ लागला. आज कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेंत तें सामावलें आहे, आणि २०११च्या शिरगणतींत या नगराची वस्ती पावणेदोन लक्षांच्या घरांत होती. शेतांच्या बांधांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि इमारतींच्या तळमजल्यांवर किराणा, औषधें व शिकवणीचे वर्ग यांच्या जोडीला दंतवैद्यांच्या पाट्या लागल्या. आमचें कुटुंब येथें राहावयास आलें तेव्हां दाढ दुखूं लागली तर माणूस लवंगेचें तेल लावून चार दिवस काढी. तेवढ्यानें भागलें नाहीं तर गाडीनें कल्याण गांठी आणि दाढ काढून घेऊन सायंकाळीं परत येई. माझ्या आईच्या चार दाढा चाळिशीच्या आंतच अशा रीतीनें गेल्या. त्यांतील एक तर, ती अजूनही सांगते, दुखणारी नव्हतीच. दुखत होती ती शेजारची. पुढें तिचें जेवण मऊ भात, वरण आणि कुस्करलेली पोळी यांवर आलें. हुरडा, ऊंस, चिक्की हे पदार्थ तिनें आयुष्याच्या मध्यावरच सोडले. म्हणून दंतपूरणाचा इतिहास वाचतांना माझें लक्ष यंत्रांपेक्षां तिच्या ताटाकडे अधिक जातें.

या इतिहासाचें पहिलें पान आपल्याच उपखंडांत सांपडलें आहे. बलुचिस्तानांत बोलन खिंडीच्या पायथ्याशीं मेहरगढ नांवाचें अतिप्राचीन वसाहतीचें स्थळ आहे. तेथील दफनभूमींत नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांना गारेच्या टोकानें पाडलेलीं छिद्रें आढळलीं. त्यांचा काळ आजपासून साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वींचा ठरला, आणि हा शोध २००६ सालीं प्रसिद्ध झाला. छिद्रांच्या कडा झिजलेल्या आहेत. म्हणजे छिद्रें पाडल्यानंतरही तीं माणसें त्या दाढांनीं चावून खात होतीं. मण्यांना भोकें पाडणारे कारागीरच हें काम करीत असावेत असा तर्क आहे. छिद्रांत कांहीं भरल्याची खूण मात्र राहिलेली नाहीं. अशी खूण म्हणून जी फार जुनी वस्तु दाखविली जाते ती युरोपांत, स्लोव्हेनिया देशांत मिळालेल्या एका जबड्यांत आहे. सुमारें साडेसहा हजार वर्षांपूर्वींच्या त्या जबड्यांतील सुळ्याच्या भेगेंत मधमाशांचें मेण बसविलेलें असल्याचें २०१२ सालीं दिसून आलें. मेण जिवंतपणीं बसविलें कीं मृत्यूनंतर, याविषयीं संशोधकांनीं निश्चित निर्णय दिलेला नाहीं.

मेणाचा असाच उपयोग आपल्या वैद्यकग्रंथांत लेखी स्वरूपांत भेटतो. सुश्रुतानें मुखाचे पासष्ट रोग सांगितले. त्यांत दांतांचे आठ, आणि त्या आठांत 'कृमिदंत' हा एक. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत, उत्तरस्थानाच्या मुखरोगप्रकरणीं, पोकळ झालेल्या दांतांत गूळ किंवा मेण भरून तो डागावा असें सांगितलें आहे. सातवीण आणि रुई यांच्या चिकानें पोकळी भरल्यास कृमीची वेदना शमते, असेंही तेथें म्हटलें आहे. आणि या भरण्याला ग्रंथकारानें शब्द योजला आहे तो 'पूरण'. हा ग्रंथ अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं संपादिला व मुंबईस १८८० सालीं छापला गेला. आधुनिक वाचकास यांतील गूळ पाहून हंसूं येईल : ज्या गोडानें दांत किडतो तेंच त्यांत भरावयाचें! परंतु वितळलेला गूळ वा मेण उष्णता पोकळीच्या तळापर्यंत नेतो, आणि दुखणारा भाग जाळण्यास त्याची मदत होत असावी असें दिसतें. अर्थात् हें पूरण वेदना थांबविण्यासाठीं होतें. मोडका दांत पुन्हां चावण्याजोगा करणें हा त्याचा हेतु नव्हता.

'कृमिदंत' या शब्दांत एक सिद्धान्तही दडलेला आहे. दांतांत किडा शिरतो व तो दांत खातो, ही समजूत बाबिलोनपासून चीनपर्यंत होती. मराठींत आपण आजही 'दांताला कीड लागली' असें म्हणतों. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दांतांतून 'किडे' पाडणारे लोक खेडोपाडीं पुष्कळांनीं पाहिले असतील. युरोपांत हेंच काम खुरासानी ओव्याच्या बियांनीं होई. आणि पाण्यांत पडणारे ते किडे म्हणजे भाजून फुटलेल्या बियांतून बाहेर आलेले पांढुरके अंकुर होत, हें तेथें पुढें उघडकीस आलें. १७२८ सालीं पॅरिसच्या पियेर फोशार यानें दंतवैद्यकावरील आपल्या ग्रंथांत, सूक्ष्मदर्शकानें शोधूनही आपणांस किडा दिसला नाहीं, असें लिहून ठेवलें. खरें कारण बर्लिन येथें काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन संशोधकानें १८९० सालच्या ग्रंथांत मांडलें : तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर व पिष्ट यांपासून आम्ल बनवितात, आणि तें आम्ल दांताचें कवच विरघळवितें. किडा खोटा ठरला, आम्ल खरें ठरलें. हें आम्ल वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें तें दुसऱ्या वेषांत आपणांस भेटणार आहे.

कारण कळण्याच्या पुष्कळ आधींच भरण्याची विद्या पुढें गेली होती. फोशारच्या काळीं शिसें, कथिल आणि सोनें यांचे पातळ वर्ख पोकळींत ठांसून भरीत. फ्रेंच भाषेंत दांत भरण्याला जो शब्द आहे तो शिशाच्या नांवावरूनच पडला. १८५५ सालीं रॉबर्ट आर्थर या अमेरिकन दंतवैद्यानें दाखविलें कीं, सोन्याचा वर्ख तापवून शुद्ध केला तर त्याचे थर नुसत्या दाबानें एकजीव होतात. तेव्हांपासून सोन्याचें पूरण हें कारागिरीचें शिखर मानलें गेलें. परंतु एक दाढ भरावयास फार वेळ ठोकाठोक करावी लागे, आणि खर्च तर सोन्याचाच. १८७१ सालीं मॉरिसन यानें शिवणयंत्राप्रमाणें पायानें चालवावयाचें दांत कोरण्याचें यंत्र काढलें. त्यामुळें पोकळी साफ करणें सुलभ झालें, परंतु सोनें गरिबाच्या आवांक्याबाहेरच राहिलें.

गरिबाच्या मदतीस पारा आला. चांदीचा कीस पाऱ्यांत मळला असतां त्याचा मऊ गोळा होतो आणि थोड्या वेळानें तो दगडासारखा घट्ट बनतो. चीनमध्यें तांग राजवटींतील ६५९ सालच्या औषधिग्रंथांत अशा लेपाचा उल्लेख आहे. पॅरिसमध्यें १८२६ सालीं तो पुन्हां पुढें आला. आणि १८३३ सालीं क्रॉकूर नांवाच्या बंधूंनीं तो मोठ्या राजेशाही नांवाखालीं न्यूयॉर्कमध्यें आणला. हे बंधु कीड न काढतांच तिच्यावर लेप थापीत, असा त्यांच्यावर आरोप होता. सोन्याचें काम करणारे प्रतिष्ठित दंतवैद्य चवताळले. १८४० सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या मंडळानें, पाऱ्याचा लेप वापरणार नाहीं, अशी प्रतिज्ञा सभासदांकडून लिहून घेण्याचा हट्ट धरला. या कलहानें मंडळच खिळखिळें झालें व १८५६ सालीं तें विसर्जित करावें लागलें. लेप मात्र राहिला. त्यांतील सुमारें निम्मा भाग पारा, आणि बाकीचा चांदी, कथिल व तांबें. आपल्याकडे त्याचें नांव 'चांदी' असेंच रूढ झालें. पाऱ्याचा उच्चार कोणी केला नाहीं.

या लेपाला शास्त्रीय शिस्त लावली ती शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यानें. १८९५च्या सुमारास त्यानें धातूंचें प्रमाण बसवून दिलें, आणि १९०८ सालच्या आपल्या ग्रंथांत पोकळी कशी कोरावी याचे नियम सविस्तर मांडले. त्या नियमांचें मूळ एका साध्या अडचणींत होतें : चांदी दांताला चिकटत नाहीं. मग ती राहावी कशी? तर पोकळी घागरीसारखी कोरावी, तोंड अरुंद आणि पोट रुंद, म्हणजे घट्ट झालेला गोळा बाहेर पडणार नाहीं. चांदी ठिसूळ, पातळ थरांत ती तुटते. म्हणून खोलीही पुरेशी हवी. शेजारच्या खांचांत पुढें कीड लागण्याचा संभव. म्हणून त्या निरोगी खांचाही आधींच कोरून घ्याव्या. तिळाएवढ्या किडीपायीं वाटाण्याएवढा दांत जाई. ब्लॅकला दोष देण्याचें कारण नाहीं. त्याच्या नियमांनीं कित्येक पिढ्यांचे असे दांत तोंडांत राहिले, जे एरव्हीं उपटलेच गेले असते. परंतु त्या नियमांची किंमत निरोगी दांत देत होता.

ही विद्या हिंदुस्थानांत रीतसर शिकविली जाऊं लागली ती विसाव्या शतकांत. १९२० सालीं डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास दंतवैद्यकाचें विद्यालय काढलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतविद्यालय १९३३ सालीं सुरू झालें. या धंद्याचें नियमन करणारा कायदा १९४८ सालीं झाला, आणि त्यान्वयें दंतवैद्यक परिषद १९४९ सालीं अस्तित्वांत आली. तेथून निघालेल्या पदवीधरांनीं ब्लॅकचे नियम मुखोद्गत केले आणि गांवोगांवीं चांदी नेली. माझी दाढ अशाच एका दंतवैद्यानें भरली. तिच्यावर एक काळा ठिपका होता. तो कोरतांना नियमाप्रमाणें आंतल्या बाजूनें भिंती पोखरल्या गेल्या. पस्तीस वर्षें त्या पोखरलेल्या भिंतींनीं चावण्याचा भार सोसला आणि शेवटीं चण्याच्या एका दाण्यानें त्यांतील एक पाडली. चांदी होती तशीच राहिली. बाईंच्या वाक्याचा अर्थ हा होता.

आतां रंगाकडे वळूं. दांत पांढरे दिसावे ही हौस सनातन आहे असें कोणी समजूं नये. आपल्या महाराष्ट्रांत एकोणिसाव्या शतकांत सुवासिनी दांतवण लावून दांत काळे करीत, आणि काळेभोर दांत हें सौभाग्याचें व सौंदर्याचें लक्षण मानलें जाई. जपानांतही विवाहित स्त्रिया दांत काळे करीत. १८७० सालीं तेथील सरकारनें सरदारवर्गास ही चाल बंद करण्याची आज्ञा केली. पुढल्या दांतावरील सोन्याची टोपी हें तर कित्येक देशांत संपत्तीचें चिन्ह होतें, आणि हंसतांना ती दिसावी अशी काळजी घेतली जाई. म्हणजे दांतावर केलेलें काम ही एके काळीं दाखवावयाची वस्तु होती. ती लपवावयाची वस्तु अलीकडे झाली. छायाचित्र, चित्रपट आणि जाहिरात यांनीं शुभ्र हास्याचा आदर्श घरोघर नेला, आणि काळवंडलेली चांदी लाजिरवाणी वाटूं लागली.

लपणारें पूरण शोधण्याचे पहिले दोन मोठे प्रयत्न फसले. १९०४च्या सुमारास जर्मनींत काचेची पूड आणि फॉस्फरिक आम्ल यांच्या मिश्रणाचें एक अर्धपारदर्शक सिमेंट निघालें. भरलें त्या दिवशीं तें दांतांत ओळखूं येत नसे. परंतु लाळेनें तें हळूहळू विरघळे, कडा खचत, रंग मळे, आणि कांहीं वर्षांत पुन्हां भरावें लागे. त्यांत एक गुण मात्र अनपेक्षित निघाला. काच वितळविण्यास सुलभ जावें म्हणून तींत फ्लोराईड घालीत. तें सिमेंटांतून झिरपे, आणि त्यामुळें पूरणाच्या कडेला नवी कीड क्वचितच लागे. दुसरा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ॲक्रिलिक राळेचा झाला. ही राळ रंगानें उत्तम. परंतु घट्ट होतांना ती आकसे, आणि उष्ण चहा व थंड पाणी यांनीं दांताच्या कित्येक पटींनीं प्रसरण-आकुंचन पावे. त्यामुळें पूरण आणि दांत यांच्यामध्यें केंसाएवढी फट राही, तींतून लाळ व जंतु आंत जात, आणि वरून सुंदर दिसणाऱ्या पूरणाखालीं दांत कुजत राही. रंग साधला होता, पण दांताशीं बंध नव्हता. चांदीची मूळची अडचण येथें जशीच्या तशी उभी राहिली.

ही अडचण १९५५ सालीं सुटूं लागली. अमेरिकेंत रॉचेस्टर येथें काम करणारे मायकेल बुओनोकोर यांचें लक्ष एका कारखानी युक्तीकडे गेलें : धातूवर रंग नीट धरावा म्हणून रंगविण्यापूर्वीं त्याला फॉस्फरिक आम्ल लावीत. तेंच दांताच्या कवचावर केलें तर? त्यांनीं दांतावर अर्धा मिनिट आम्ल लावलें, धुतलें, वाळविलें, आणि त्यावर राळेचा थेंब ठेवला. आम्ल न लावलेल्या दांतावरचे थेंब लौकर निखळले. लावलेल्या दांतावरचे कित्येक पट अधिक काळ टिकले. आम्लानें कवचाच्या पृष्ठावर डोळ्यांस न दिसणारीं असंख्य छिद्रें पडतात, राळ त्यांत उतरते, आणि जमिनींत मुळ्या रुजाव्या तशी तेथें रुजते. मिलरनें ज्याला दांताचा शत्रु म्हणून ओळखलें होतें तें आम्ल, मोजून मापून व क्षणभर वापरल्यावर, दांताचें सहायक झालें. घागरीच्या आकाराची गरज येथें संपली. आतां किडलेला तेवढाच भाग काढावा आणि उरलेल्यास पूरण चिकटवावें, हें शक्य झालें.

राळ मात्र अजून दुबळीच होती. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मानक संस्थेंत रॅफेल बोवेन हे दंतवैद्य तिच्यावर खटपट करीत होते. त्यांनीं एक नवी, कमी आकसणारी राळ तयार केली आणि तींत गारेची बारीक पूड मिसळली. पुडीच्या प्रत्येक कणावर असा एक लेप दिला कीं, तो राळेस घट्ट धरून ठेवील. १९६२ सालीं त्यांना याचें स्वामित्वपत्र मिळालें. आज ज्याला 'कॉम्पोझिट' म्हणतात त्या पूरणाचा पाया हा. पुढें तें घट्ट करण्यासाठीं प्रकाशाचा उपयोग सुरू झाला. प्रथम अतिनील किरण, आणि १९७०नंतरच्या दशकांत दृश्य निळा प्रकाश. या निळ्या प्रकाशानें जें द्रव्य जागें होतें व राळेस घट्ट करूं लागतें, तें कापरापासून बनविलेलें एक पिवळें द्रव्य आहे. ज्या कापरानें आपण देवाची आरती करतों त्याचा हा दूरचा वंशज दांतांत उजेड पडतांच आपलें काम करतो, हें ऐकून माझ्या आईला फार मौज वाटली. कवचाच्या आंतला दांताचा गाभा ओलसर असतो, त्यामुळें तेथें चिकटविणें अधिक कठिण. तें काम जपानांतील फुसायामा व नाकाबायाशी यांच्या १९७९ ते १९८२च्या सुमारच्या संशोधनानें पुढें नेलें.

याच काळांत लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेंत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनीं दुसरी वाट काढली. जुन्या काचेच्या सिमेंटांतील फ्लोराईडचा गुण राखून त्यांनीं त्यास नवें आम्ल जोडलें. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेलें हें 'ग्लास आयोनोमर' दांताला स्वतःहून, रासायनिक रीतीनें चिकटतें. रंगानें तें कॉम्पोझिटाइतकें सुरेख नाहीं व झिजतेंही लौकर. पण त्याला वीज लागत नाहीं. १९८०नंतर टांझानियांत दंतवैद्यांनीं अशी पद्धति बसविली कीं, नुसत्या हातांतील हत्यारानें मऊ झालेली कीड खरवडून काढावयाची आणि चिकटणारें सिमेंट भरावयाचें. यंत्र नको, बहुधा सुईही नको. या पद्धतीचा १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कार केला. ज्या बंधाचा शोध श्रीमंत देशांतील हास्य सुंदर करण्याच्या खटपटींत लागला, त्यानें विजेचा दिवा नसलेल्या खेड्यांतला दांतही वांचविला.

येथें न्यायासाठीं दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, टिकाऊपणाची. लिस्बन येथें शाळकरी मुलांच्या दाढांवर सात वर्षांपर्यंत झालेल्या तुलनेचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. तींत चांदीचीं ९४.४ टक्के पूरणें टिकलीं, तर कॉम्पोझिटाचीं ८५.५ टक्के, आणि कडेला नवी कीड लागण्याचा धोका कॉम्पोझिटाच्या बाबतींत साडेतीन पट दिसला. कारण उघड आहे. कॉम्पोझिट घट्ट होतांना आजही शेंकडा दोनतीन भाग आकसतें. म्हणून तें थोडें थोडें, थरांनीं भरावें लागतें, आणि भरतांना दांत कोरडा ठेवावा लागतो. चांदी घाईगर्दी सोसते, कॉम्पोझिट सोसत नाहीं. घाईनें भरलेलें पांढरें पूरण हें काळजीनें भरलेल्या चांदीपेक्षां हीन असतें, हें आपण ग्राहकांनीं ओळखून असावें.

दुसरी गोष्ट पाऱ्याची. दांतांतील चांदीमुळें मुलांच्या बुद्धीस अपाय होतो काय, याची दोन मोठीं परीक्षणें २००६ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत तसा अपाय आढळला नाहीं. तेव्हां ज्यांच्या तोंडांत जुनी चांदी सुखानें नांदत आहे त्यांनीं घाबरून ती उकरून काढण्याचें कारण नाहीं. चांदीचा निरोप घेतला जात आहे तो मुख्यतः नद्या, मासे व हवा यांच्यासाठीं. कारण दवाखान्याच्या सांडपाण्यांतून आणि चितेच्या धुरांतून हा पारा अखेर सृष्टींत जातो. जपानांतील मिनामाटा येथें पाऱ्याच्या विषानें जो अनर्थ केला त्याच्या स्मरणार्थ ज्याचें नांव पडलें, तो आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं झाला. भारतानें तो २०१८ सालीं मान्य केला. २०२५च्या नोव्हेंबरांत जिनीव्हा येथें करारांतील देशांनीं २०३४पर्यंत दांतांतील पाऱ्याचा वापर संपविण्याचें ठरविलें. त्या जुन्या मंडळाच्या प्रतिज्ञेनें जें साधलें नाहीं तें आतां साधतें, याचें कारण एकच : तेव्हां गरिबासाठीं दुसरें कांहीं नव्हतें, आणि आतां आहे.

माझी दाढ भरावयास पाऊण तास लागला. बाईंनीं दाढेभोवतीं रबराचा पडदा बसविला, जुनी चांदी काढली, निळसर आम्ल लावून धुतलें, मग थराथरानें पूरण घालून प्रत्येक थरावर निळा दिवा धरला. एक भिंत अगदींच पातळ होती. ती कोरून टाकणें सोपें होतें, परंतु त्यांनीं ती ठेविली आणि पूरणाच्या आधारानें बांधून घेतली. पूर्ण झाल्यावर मला आरसा दिला. कोठें भरलें तें मला ओळखतां येईना. मी रंगाची स्तुति करूं लागलों, तर त्या म्हणाल्या, "रंग सोडा, सर. ती भिंत राहिली, हें काम झालें."

बाहेर माझ्यानंतरच्या पाळीस एक वृद्ध बाई बसल्या होत्या. जवळच्याच जुन्या वस्तींतल्या असाव्यात. मिशेरीनें दांत काळसर झालेले, आणि हात गालावर. आंत गेल्या गेल्या त्यांनीं सांगितलें, "काढून टाक गो बाय. कटकट नको." दार अर्धवट उघडें होतें. थोड्या वेळानें डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकूं आला : "मावशी, दांत चांगला आहे. जरासाच किडला आहे. काढायचा कशाला? भरूं या, सिमेंटानें होईल." मावशींनीं बराच वेळ विचार केला असावा. मग विचारलें, "भाकर चावल ना?"

"चावेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चांदी कीं पांढरें, दिसेल कीं लपेल, हा प्रश्न मावशींच्या मनाला शिवलाही नव्हता. त्यांना भाकरीची चिंता होती, आणि सर्व इतिहास वाचून माझ्या हातीं जो निष्कर्ष आला त्याच्या त्या माझ्यापेक्षां आधीं जवळ पोहोंचल्या होत्या. घरीं येऊन मीं आईला ही हकीगत सांगितली. तिनें ऐकून घेतली, जिभेनें आपल्या मोकळ्या हिरडीला स्पर्श केल्यासारखें केलें, आणि म्हणाली, "तेव्हां असं कोणी म्हटलं असतं, तर मीही भर म्हटलं असतं."